मुलाला कॉलेजात बेसबॉल कोच व्हायचंय, आणि घरात अबोला आहे

पत्र : आम्ही एडिसनला राहतो. मुलगा पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या, डिव्हिजन थ्री (कॉलेजच्या खेळांतली सगळ्यात खालची पातळी) कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. विषय स्टॅटिस्टिक्स. बेसबॉलच्या संघात कॅचर (बॅट्समनच्या मागे बसून चेंडू झेलणारा) आहे, पण चार वर्षं बहुतेक बाकावरच गेली. एका विमा कंपनीने नोकरी देऊ केलीय, जुलैपासून रुजू व्हायचं. सगळं मार्गी लागलं असं वाटत होतं, तोच हा म्हणतो, मला कॉलेजात बेसबॉल कोच व्हायचंय. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका डिव्हिजन टू कॉलेजने ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून बोलावलंय. दोन वर्षांच्या मास्टर्सची फी माफ आणि हातखर्चाला वर्षाला आठ हजार डॉलर. मिस्टर म्हणाले, एवढं शिकवलं ते मैदान झाडायला का? तेव्हापासून बापलेक बोलत नाहीत. हा खरंच पेशा आहे का? आपल्या आडनावाचं तिथे कुणी दिसत नाही. जो स्वतः फारसा खेळला नाही त्याला कोच म्हणून कोण विचारणार? आम्ही पैशाची मदत करावी का? आणि मंडळात कुणी विचारलं तर काय सांगायचं? — एक आई, न्यू जर्सी

ताई,

शेवटचा प्रश्न आधी निकालात काढू. मंडळात सांगा, "मुलगा कॉलेजात असतो, शिकवतो." यात खोटं काही नाही. "काय शिकवतो?" असं कुणी पुढे विचारलंच, तर बटाटेवडे संपत आलेत का ते बघायला उठा.

आता कामाचं बोलू. मी बरीच वर्षं एका कॉलेजच्या प्रशासनात आहे आणि कोच नेमायच्या कमिट्यांवर बसलेली आहे. त्यामुळे मी सांगतेय ते टेबलाच्या या बाजूचं आहे. मैदानावरचं तुमच्या चिरंजीवांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पेशा आहे का? आहे, आणि चांगला मोठा आहे. नुसत्या एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांच्या खेळांच्या मुख्य संघटनेच्या, तीन डिव्हिजन धरल्या तरी नऊशेहून जास्त कॉलेजांत बेसबॉलचा संघ आहे. त्यातली तीनशेच्या आसपास डिव्हिजन वन, म्हणजे सगळ्यात वरची पातळी. त्याशिवाय एनएआयए या दुसऱ्या, छोट्या संघटनेची कॉलेजं आणि दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं वेगळी. प्रत्येक ठिकाणी एक हेड कोच आणि त्याच्या हाताखाली दोन-चार जण. म्हणजे जागा कमी नाहीत. घोळ पगारात आहे. वरच्या टोकाला लुइझियाना स्टेटचे हेड कोच जे जॉन्सन वर्षाला तीस लाख डॉलरच्या घरात कमावतात. खालच्या टोकाला डिव्हिजन थ्रीचा एखादा असिस्टंट हंगामाचे काही हजार डॉलर घेतो आणि सकाळी दुसरीकडे नोकरी करतो. सरकारी आकडेवारीत सगळ्या खेळांचे, सगळ्या पातळ्यांचे कोच आणि स्काउट एकत्र धरले, तर मधला पगार ४५ हजार डॉलरच्या आसपास येतो. विमा कंपनी तुमच्या मुलाला पहिल्या वर्षी याहून जास्त देत असणार, हे मी न बघता सांगते. मिस्टरांचा हिशेब चुकलेला नाही.

पण एक गोष्ट त्यांना सांगा. तीन-चार वर्षांपूर्वी हा मुलगा याच रस्त्याने वर गेला असता, तर पुढच्या पायरीवर त्याला आठ हजारही मिळाले नसते. डिव्हिजन वनचा नियम होता : एक हेड कोच, दोन पगारी असिस्टंट आणि एक 'व्हॉलंटिअर'. नावाला स्वयंसेवक, काम बाकीच्यांइतकंच. तोच बॅटिंग प्रॅक्टिसला चेंडू टाकणार, तोच पहिल्या बेसशेजारी उभा राहणार, आणि पोट भरणार उन्हाळ्यात शाळकरी पोरांची शिबिरं घेऊन. २०१९ मध्ये तिसरा पगारी असिस्टंट मंजूर करायचा ठराव आला, तो पडला. मग या व्हॉलंटिअर लोकांनी कोर्ट गाठलं. जुलै २०२३ पासून ते पदच रद्द झालं, तिसऱ्या असिस्टंटला पगार द्यायची मुभा मिळाली, आणि जुन्या व्हॉलंटिअरांच्या दाव्यात एनसीएएने पुढे सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलर मोजायचं कबूल केलं. सगळीच कॉलेजं त्या तिसऱ्या जागेला धड पगार देतात असं नाही. पण आता फुकट राबवून घेता येत नाही, हा फरक लहान नाही.

आता रस्ता कसा असतो ते. आपल्याकडे कोच म्हटलं की पतियाळाचा एनआयएस डिप्लोमा आठवतो, नाहीतर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातलं शारीरिक शिक्षण. इथे कॉलेज बेसबॉलला असा एकही कागद लागत नाही. पदवी हवी, बऱ्याच ठिकाणी मास्टर्स असलं तर बरं, बस्स. आत शिरायचं ते कुणाच्या तरी हाताखाली राबून आणि त्या माणसाने पुढे दोन फोन केले म्हणून.

आर्कान्सा विद्यापीठाचे डेव्ह व्हॅन हॉर्न बघा. सुरुवात त्याच विद्यापीठात ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून, म्हणजे तुमच्या मुलाला आज जे देऊ केलंय तेच. नंतर टेक्सासमधल्या टेक्सारकाना नावाच्या ज्युनियर कॉलेजात हेड कोच. तिथून सेंट्रल मिसूरी, डिव्हिजन टू. तिथे १९९४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद. मग लुइझियानातलं नॉर्थवेस्टर्न स्टेट, डिव्हिजन वन पण धाकटं. मग नेब्रास्का, ज्या संघाला त्यांनी २००१ आणि २००२ अशी लागोपाठ दोन वर्षं ओमाहाला, म्हणजे कॉलेज वर्ल्ड सिरीज या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेला नेलं. आणि २००३ पासून परत आर्कान्सा, आता सर्वेसर्वा म्हणून. पाच कॉलेजं आणि मधली दीडेक दशकं. मधल्या एका जरी पायरीवर "आता पुरे" म्हटलं असतं, तर आज आपल्याला त्यांचं नाव माहीत नसतं. तसे "पुरे" म्हणणारेच जास्त असतात, हेही लक्षात असू द्या.

याच व्हॅन हॉर्न यांच्या हाताखाली २०१७ च्या हंगामात दोन असिस्टंट होते. एक टोनी व्हिटेलो. ते त्याच वर्षी टेनेसीला हेड कोच झाले, २०२४ मध्ये राष्ट्रीय विजेते ठरले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक पातळीच्या, संघाने त्यांना थेट मॅनेजर (तिथला मुख्य कोच) केलं. व्यावसायिक बेसबॉल एक दिवस खेळलेले नाहीत, व्यावसायिक संघात कधी कोचही नव्हते. कॉलेजातून असा सरळ उडी मारणारा हा पहिलाच माणूस. दुसरे वेस जॉन्सन. हे मूळचे हायस्कूलचे कोच. आर्कान्साहून ते मिनेसोटा ट्विन्सचे पिचिंग कोच (पिचर म्हणजे चेंडू टाकणारे, त्यांचे कोच) झाले, २०२२ मध्ये भर हंगामात मेजर लीग सोडून लुइझियाना स्टेटला आले, आणि आता जॉर्जिया विद्यापीठाचे हेड कोच आहेत.

म्हणून मुलाला पहिला प्रश्न हा विचारा : नॉर्थ कॅरोलिनातला तो हेड कोच कोण, आणि त्याचे आधीचे ग्रॅज्युएट असिस्टंट आज कुठे आहेत? कॉलेजचं नाव, स्टेडियमचे दिवे, जर्सीचा ब्रँड, सगळं दुय्यम. त्या माणसाकडून गेल्या काही वर्षांत बाहेर पडलेली पोरं आज डिव्हिजन वनमध्ये किंवा ज्युनियर कॉलेजात पगारावर असतील, तर ते आठ हजार आठ हजार नाहीत. आणि त्यातला एकही आज या धंद्यात नसेल, तर तिथे फक्त स्वस्तात मजूर हवाय. आमच्या कमिटीसमोर अर्जांचा ढीग येतो. खरं सांगू? आधी बघितलं जातं ते शिफारस कुणाची आहे ते. हे मला फारसं पटत नाही, पण तसंच चालतं.

"स्वतः खेळला नाही" हा मुद्दा तुम्ही मनातून काढून टाका. रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा जेमतेम एक सामना खेळले, आणि पगार त्यांना स्टेट बँकेचा होता. शिवाजी पार्कवर त्यांनी काय घडवलं ते मी तुम्हाला सांगायला नको. बेसबॉलमध्ये तर बाकावरचा कॅचर ही कोच होण्याची जुनीच शाळा आहे. ब्रूस बोची कारकिर्दीत बहुतेक काळ बदली कॅचर होते आणि मॅनेजर म्हणून त्यांनी चार वर्ल्ड सिरीज जिंकल्या. कारण साधं आहे. मैदानावर बाकी आठ जण एका दिशेला तोंड करून उभे असतात, कॅचर उलट्या दिशेला. सगळा खेळ त्याच्या समोर मांडलेला असतो. आणि जो बाकावर बसतो तो बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरांच्या सरावाच्या जागी, जाऊन रोज सगळ्या पिचरांचे चेंडू झेलतो, कुणाचा खांदा दुखतोय, कुणाचं प्रेयसीशी बिनसलंय, हे त्याला हेड कोचच्या आधी कळतं. चार वर्षं तुमचा मुलगा रिकामा बसलेला नाही.

दुसरं, त्याचं स्टॅटिस्टिक्स. मिस्टरांना वाटतंय ते पाण्यात गेलं. उलट आज तेच त्याचं भांडवल आहे. गेल्या काही वर्षांत कॉलेजांच्या मैदानांवर ट्रॅकमॅन आणि रॅपसोडो ही यंत्रं आली. चेंडू किती फिरला, कुठल्या कोनातून सुटला, बॅटवरून किती वेगाने निघाला, सगळं मोजलं जातं. यंत्रं घेतली, पण त्या आकड्यांतून एकोणीस वर्षांच्या पोराला उद्यापासून नेमकं काय वेगळं करायचं ते सांगणारा माणूस बऱ्याच छोट्या कॉलेजांत नाही. जो आकडे काढू शकतो त्याला पोरांशी बोलता येत नाही, आणि ज्याला बोलता येतं तो आकडे बघून जांभया देतो. तुमच्या मुलाला दोन्ही जमत असेल, तर त्याने तिथल्या पिचिंग कोचला आत्ताच, रुजू व्हायच्या आधी, त्यांच्याच पिचरांवर एक छोटा अहवाल करून पाठवावा. दोन पानं. आलेख कमी, वाक्यं जास्त.

आपल्या आडनावाचं म्हणाल, तर डगआउटमध्ये (मैदानाकडेची खेळाडू-कोचांची बसायची जागा) आपले लोक अजून विरळाच, हे खरं. पण कुमार रॉकर हे नाव मुलाला विचारा. व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा पिचर होता. २०१९ मध्ये ड्यूकविरुद्ध एकही हिट न देता १९ जणांना स्ट्राइक आउट केलं होतं त्याने, आणि व्हँडरबिल्टने त्या वर्षी विजेतेपद मिळवलं. आईच्या बाजूने भारतीय. मला मात्र इथे त्याच्यापेक्षा त्याच्या आईबद्दल बोलायचंय. त्याचे वडील ट्रेसी रॉकर बरीच वर्षं कॉलेज फुटबॉलचे कोच होते. आर्कान्सा, मिसिसिपी, ऑबर्न, जॉर्जिया, टेनेसी, अशी कितीतरी ठिकाणं. म्हणजे घरच्यांनी किती वेळा खोकी भरली असतील याचा अंदाज करा. "मुलगी कोण देणार" असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण ओळींच्या मध्ये मी ते वाचलं. देईल की कुणीतरी. तिला फक्त आधी सांगायचं की फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनपर्यंत एकही शनिवार-रविवार मिळणार नाही आणि लग्न नोव्हेंबरमध्ये करावं लागेल. तसाही तो तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त असतो.

आता काम प्रत्यक्षात काय असतं ते, कारण माझी खरी शंका इथे आहे. मुलांना वाटतं कोचिंग म्हणजे बेसबॉल. माझ्या ऑफिसच्या खिडकीतून आमचं मैदान दिसतं. सामना संपून सगळे गेले की धाकटा असिस्टंट माउंडवर, म्हणजे पिचर उभा राहतो त्या मातीच्या उंचवट्यावर, एकटा असतो. पिचरचा पाय जिथे पडतो तिथे खड्डा झालेला असतो. तो आधी सुटी माती झाडून काढतो, खड्ड्यात पाणी शिंपडतो, ओली चिकणमाती भरतो, लोखंडी धुम्मसने ठोकून ठोकून बसवतो, वर कोरडी माती पसरतो आणि शेवटी ताडपत्री ओढतो. मग आत जाऊन साठेक कपडे मशीनमध्ये टाकतो, आणि धुणं होईपर्यंत पुढच्या संघाचे व्हिडिओ कापत बसतो. ग्रॅज्युएट असिस्टंटच्या कागदावर बहुधा आठवड्याला वीस तास लिहिलेले असतात. ते तास मंगळवार-बुधवारीच संपतात. मिस्टर "मैदान झाडायला" म्हणाले ना, अगदी बरोबर म्हणाले.

एवढं करूनही मैदान झाडणं हा सोपा भाग. खरं काम भरतीचं. ज्याला पुढे जायचं त्याला कधीतरी रिक्रूटिंग कोऑर्डिनेटर व्हावंच लागतं, आणि त्यातच बरेच जण गळतात. जुलैच्या उन्हात जॉर्जियातल्या स्पर्धांना एकाच वेळी कितीतरी मैदानांवर सामने चाललेले असतात. बॅट्समनमागच्या जाळीला टेकून वेगवेगळ्या कॉलेजांचे कोच चेंडूचा वेग मोजणारी रडार गन धरून बसलेले. गन सगळ्यांकडे तीच, आकडा सगळ्यांना तोच दिसतो. चांगला कोच चेंडू टाकून झाल्यावर बघतो. साधा ग्राउंडर (जमिनीवरून सरपटणारा फटका) मारून आउट होणार हे माहीत असताना पोरगं पहिल्या बेसपर्यंत पळालं का? सहकाऱ्याने चूक केली तेव्हा याने मान हलवली का? डगआउटमागून आईने पाण्याची बाटली दिली, ती कशी घेतली? मग त्या पोराच्या घरच्यांशी बोलायचं. अकरावी सुरू व्हायच्या आधीच्या १ ऑगस्टपर्यंत डिव्हिजन वनच्या कोचला त्याच्याशी बोलायचीच बंदी आहे. त्या दिवसापासून मात्र रात्रंदिवस फोन. आणि त्यातले बहुतेक दुसऱ्या कॉलेजला हो म्हणणार. सारखा नकार खायचा आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच उमेदीने पुढच्या घरी बोलायचं. तुमच्या मुलाला हे आवडतं का? आवडेल का, असं नका विचारू. तो कॉलेज बघायला आलेल्या शाळकरी मुलांना स्वतःहून फिरवतो का, नवीन पोरांना फोन करतो का, हे विचारा. करत असेल तर तो कोच आहे. नसेल, तर त्याला बेसबॉल आवडतं, एवढंच.

हा भाग सध्या आणखी अवघड झालाय. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आलं, आणि आता हंगाम संपला की अर्धा संघ दुसरीकडे जाऊ शकतो. डिव्हिजन वनमध्ये पूर्वी ११.७ स्कॉलरशिप असायच्या, त्या २७ खेळाडूंपर्यंत तुकडे करून वाटायच्या. जून २०२५ मध्ये कोर्टाने एनसीएए आणि खेळाडूंमधला मोठा समझोता मंजूर केला. त्यात सामील झालेल्या कॉलेजांना आता ती मर्यादा नाही, त्याऐवजी संघात जास्तीत जास्त ३४ खेळाडू. पैसेवालं कॉलेज चौतीसही जणांना पूर्ण स्कॉलरशिप देऊ शकतं, गरीब कॉलेज बघत बसतं. आणि चौतीसच्या बाहेर पडलेली चांगली पोरं खाली डिव्हिजन टूमध्ये येतात. तुमचा मुलगा जिथे चाललाय तिथे. हे त्याच्या शिकण्याच्या दृष्टीने वाईट नाही. मात्र बाविशीतल्या कोचला बाविशीतल्याच खेळाडूला "आज तू बाकावर" असं सांगावं लागेल.

नोकरीची शाश्वती? नाही. असिस्टंटचं नशीब हेड कोचशी बांधलेलं. त्याला काढलं की सगळे गेले, कामात काही खोट नसली तरी. कधी संघच बंद होतो. बॉइझी स्टेटने चाळीस वर्षांनी बेसबॉल पुन्हा सुरू केलं आणि २०२० च्या पहिल्याच हंगामानंतर बंद करून टाकलं. त्याच वर्षी फर्मन विद्यापीठानेही संघ मोडला. आणि ज्यांची गादी पक्की, त्यांचंही समाधान दुसऱ्याच्या हातात. फ्लोरिडा स्टेटच्या माइक मार्टिन यांनी ४० हंगामांत २,०२९ सामने जिंकले, सतरा वेळा ओमाहा गाठलं, विजेतेपद एकदाही नाही. व्हॅन हॉर्न २०१८ मध्ये डिव्हिजन वनच्या विजेतेपदापासून एका झेलावर होते. उंच उडालेला फाउल चेंडू तिघांच्या मध्ये पडला, कुणीच घेतला नाही; ओरेगन स्टेटने तो सामना फिरवला आणि दुसऱ्या दिवशी चषकही नेला. वीस-बावीस वर्षांच्या तीन पोरांनी "मी घेतो" म्हणायचं राहिलं, आणि कोचच्या नावापुढे ती जागा अजून कोरी.

आता पैशाचं. मी कुंपणावर बसणार नाही : त्याला जाऊ द्या. मुलगा इथलाच नागरिक आहे, म्हणून म्हणते. एच-वनच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाला मी हा सल्ला दिला नसता. पण जाऊ द्यायचं ते बोली करून.

पहिली बोली मास्टर्सच्या विषयाची. या जागांवर मुलं बिनविचार स्पोर्ट मॅनेजमेंट घेतात, कारण आधीच्याने घेतलेलं असतं. फी-माफी त्या कॉलेजातल्या दुसऱ्या विषयालाही लागू आहे का, ते विचारायला सांगा. असेल तर डेटा अ‍ॅनालिटिक्स किंवा शिक्षणशास्त्र घ्यावं. शिक्षणशास्त्र म्हटल्यावर नाक मुरडू नका. शिकवण्याचं सर्टिफिकेट असलं तर हायस्कूलमध्ये गणित शिकवून वर कोचचा भत्ता मिळतो, पेन्शन असते, उन्हाळा मोकळा. आणि तिथून परत कॉलेजात येता येतं. लुइझियाना स्टेटला पाच विजेतेपदं मिळवून देणारे स्किप बर्टमन आधी मायामी बीचच्या हायस्कूलमध्ये कोच होते. वेस जॉन्सन यांचं तर वर आलंच.

दुसरी बोली विमा कंपनीशी संबंध न तोडण्याची. त्यांना सरळ पत्र लिहून विचारावं, रुजू व्हायची तारीख पुढे ढकलता येते का. दोन वर्षं कुणी थांबत नाही, बहुतेक नाहीच म्हणतील, पण नीट विचारून नाही ऐकलेला माणूस लक्षात राहतो. आणि अ‍ॅक्च्युअरीच्या (विम्यातल्या जोखमीचं गणित मांडणारा तज्ज्ञ) पहिल्या दोन परीक्षा, पी आणि एफएम, या नोकरी नसतानाही देता येतात. स्टॅटिस्टिक्सच्या मुलाला त्या अशक्य नाहीत. नोव्हेंबर ते जानेवारी मैदान थंड असतं तेव्हा अभ्यास करावा. त्या दोन पास झाल्या की मिस्टरांचा अर्धा राग उतरेल, बघा. त्यांनाही काहीतरी हातात लागतं.

तिसरी बोली वयाची. तो तुमच्या हेल्थ इन्शुरन्सवर २६ व्या वर्षापर्यंत राहू शकतो. तीच मुदत धरा. तोपर्यंत इन्शुरन्स आणि फोनचं बिल तुमचं, गाडी जुनी असेल तर दुरुस्ती तुमची. घरभाडं आणि खाणं त्याचं. दर महिन्याला खात्यात पैसे टाकू नका. ते सुरू झाले की थांबवताना कटकट होते आणि त्याला स्वतःला कळत नाही की हा धंदा आपल्याला परवडतोय की आई-बाबांना. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे कोच रॉड डेडो ११ विजेतेपदांचे धनी, पण पोट भरायचे स्वतःच्या ट्रकच्या धंद्यावर. कोचिंगचा पगार नाममात्र. ज्याला हे काम करायचंच आहे तो दुसरीकडून चार पैसे उभे करतो. तुमच्या मुलाने संध्याकाळी दोन पोरांची गणिताची शिकवणी घेतली तरी आठ हजारांचे बारा होतील. सव्विसाव्या वर्षी पगारी, पूर्ण वेळची असिस्टंटची जागा हातात नसेल, तर पुन्हा बसून बोलायचं. बंद करायचंच असं नाही, बोलायचं.

शिक्षणाचं फेडरल कर्ज असेल तर एक गोष्ट लिहून ठेवा. सरकारी विद्यापीठात किंवा ना-नफा कॉलेजात पूर्ण वेळ नोकरी करत १२० हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ करायची योजना आहे. कोचची नोकरीही त्यात बसते. पूर्ण वेळ, हे मात्र महत्त्वाचं. म्हणून पुढे जागा निवडताना भल्या मोठ्या नावाच्या कॉलेजातल्या अर्धवेळ जागेपेक्षा ज्युनियर कॉलेजातली पूर्ण वेळची जागा बरी. शिवाय तिथे माणसं कमी म्हणून सगळंच करावं लागतं, शिकणं पटापट होतं.

मिस्टरांना मनवायला जाऊ नका. त्यांना फक्त एक काम द्या : मुलाबरोबर बसून ते ऑफर लेटर ओळन् ओळ वाचायचं. फी माफ म्हणजे विद्यापीठाचे बाकीचे शुल्क माफ का? आठ हजार बारा महिन्यांचे की दहा? उन्हाळ्यात शिबिरांचे पैसे वेगळे मिळतात का, की ते हेड कोचच्या खिशात जातात? राहायची सोय? दुसऱ्या वर्षाचं लेखी आहे का, की "बघू"? कंत्राटं वाचण्यात तुमच्या मिस्टरांची हयात गेली असेल तर हे त्यांच्याइतकं चांगलं कुणाला जमणार नाही, आणि बोलायला विषय मिळेल.

फक्त ते प्रश्न कोचला विचारायचे ते मुलाने, स्वतः फोन करून. तुम्ही नाही, मिस्टरही नाहीत. इथल्या कोचांना वर्षभर आयांचे फोन येतात, माझा मुलगा का खेळत नाही म्हणून. नव्या असिस्टंटच्या आईचा फोन आला, तर ती गोष्ट हंगामभर डगआउटमध्ये सांगितली जाईल.